आंबट झालं, म्हणजे साखर संपली?

घरी केफिर, म्हणजे खास दाणे घालून आंबवलेलं पातळ दूध, लावणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: “साखर दाण्यांनी खाऊन टाकलेली असते, मधुमेह असला तरी बिनधास्त प्या.” यातला अर्धा भाग खरा आहे. दाणे साखर खातात, किंबहुना त्यावरच जगतात. पण किती खातात, हे कुणी विचारत नाही, आणि मधुमेह असलेल्या माणसाला नेमका तोच आकडा हवा असतो. तो काढायला प्रयोगशाळा लागत नाही. शाळेतलं थोडं रसायनशास्त्र आठवलं तर पाठकोऱ्या कागदावर हिशेब जमतो.

सुरुवात दुधापासून. गाईच्या १०० मिली दुधात साधारण ४.८ ग्रॅम साखर असते, म्हणजे लिटरला ४८ ग्रॅम. ही साखर म्हणजे लॅक्टोज, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांची जोडगोळी. तिची गोडी नेहमीच्या साखरेच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतकी. म्हणून लिटरभर दुधात दहाएक चमचे साखर विरघळलेली असूनही बिनसाखरेचं दूध आपल्याला गोड वाटत नाही. केफिर चाखताना जीभ इथेच फसते. मुळात फिकी असलेली गोडी थोड्याशा आंबटपणानेही झाकली जाते. साखर असते तिथेच, फक्त जिभेला दिसत नाही.

आता बरणीत डोकावू. केफिरचे दाणे हे धान्यासारखे दाणे नव्हेत. फ्लॉवरच्या तुऱ्यांसारखे पांढरट, रबरी, किंचित बुळबुळीत गोळे असतात ते. केफिरान नावाच्या चिकट पदार्थात जिवाणू आणि यीस्ट एकत्र कुटुंबासारखे नांदत असतात. साध्या दह्याच्या विरजणात मुख्यतः जिवाणू असतात. इथे यीस्टची भर पडते, म्हणून केफिर थोडं फसफसतं आणि त्यात किंचित मद्यार्क तयार होतो. खाण्यापिण्याच्या बाबतीत या कुटुंबात प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. क्लुव्हेरोमायसीस मार्क्सियानस हे यीस्ट लॅक्टोज थेट पचवू शकतं. पाव फुगवणारं सॅकरोमायसीस सेरेव्हिसी मात्र लॅक्टोजला हात लावू शकत नाही. दुसऱ्या कुणी जोडगोळी फोडली की सांडलेल्या ग्लुकोज-गॅलॅक्टोजवर ते गुजराण करतं. काही जिवाणू तर फोडलेल्यातलं ग्लुकोज तेवढं वापरतात आणि गॅलॅक्टोज बाहेर टाकून देतात. त्यामुळे तयार केफिरमध्ये उरलेली साखर म्हणजे बरंचसं लॅक्टोज आणि त्यासोबत थोडं सुटं गॅलॅक्टोज.

हिशेबाची किल्ली आंबटपणात आहे. लॅक्टोजच्या एका रेणूपासून, पाण्याचा एक रेणू सोबत घेऊन, लॅक्टिक आम्लाचे चार रेणू तयार होतात. वजनात मांडलं तर ३४२ आणि १८ मिळून ३६०, म्हणजे ९० चे चार. थोडक्यात, जेवढे ग्रॅम साखर गेली जवळपास तेवढेच ग्रॅम आम्ल आलं. म्हणजे केफिरमध्ये आम्ल किती आहे हे कळलं, की त्यासाठी साखर किती खर्ची पडली तेही कळतं.

घरी चोवीस तास ठेवलेल्या केफिरची आम्लता साधारण ०.८ ते १ टक्का भरते. आपण ०.९ धरू, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम. इथे एक खाचखळगा आहे. ताज्या, अजिबात न आंबलेल्या दुधाची आम्लता मोजली तरी ०.१५ टक्क्याच्या आसपास येते. ते लॅक्टिक आम्ल नसतं, प्रथिनं आणि फॉस्फेट यांचा तो प्रभाव असतो. तेवढं वजा केलं की नवं आम्ल ७.५ ग्रॅम, आणि त्यासाठी खर्च झालेली साखर ७ ग्रॅमच्या आसपास. मग यीस्टचा वाटा. मद्यार्क ०.३ टक्के धरला तर लिटरला ३ ग्रॅम. यीस्टला साखरेतून वजनाने साधारण निम्मा मद्यार्क मिळतो, उरलेला निम्मा बुडबुड्यांच्या रूपात उडून जातो. म्हणजे आणखी ६ ग्रॅम साखर. दाण्यांची वाढ आणि इतर किरकोळ आम्लं यांसाठी एखाद-दुसरा ग्रॅम सोडून देऊ.

४८ मधून १४-१५ गेले, ३३-३४ उरले. दुधातली जवळपास सत्तर टक्के साखर बरणीत तशीच आहे! २०० मिलीच्या पेल्यात दूध असतं तर साडेनऊ ग्रॅम साखर पोटात गेली असती; केफिर प्यायलात तर साधारण सात. फरक आहे, पण “खाऊन टाकली” म्हणण्याइतका नाही.

हा हिशेब पटत नसेल तर उलट्या बाजूने बघा. सगळं लॅक्टोज आम्लात गेलं असतं तर केफिरची आम्लता ५ टक्क्यांच्या घरात गेली असती. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये एवढं आम्ल असतं. असलं केफिर पेलाभर कुणाच्या घशाखाली उतरेल?

दाणे मध्येच का थांबतात, याचं उत्तरही त्या आम्लातच आहे. पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४.५ च्या खाली जायला लागला की जिवाणू स्वतःच तयार केलेल्या आम्लात गुदमरू लागतात आणि त्यांचं काम मंदावतं. यीस्टला आम्लाचं फारसं वावडं नसतं, ते पुढेही चालू राहतं. म्हणून बरणी ४८ तास ठेवली तर साखर आणखी उतरते हे खरं, पण सोबत मद्यार्क आणि तिखट आंबटपणा वाढतो. दही फाटून खाली हिरवट-पिवळ्या पाण्याचा थर जमतो आणि वास पावाच्या आंबलेल्या पिठासारखा येऊ लागतो. दाणे जास्त घातले किंवा खोली उबदार असली तर हाच प्रवास लवकर होतो. त्यामुळे “२४ तास” हा काही पवित्र आकडा नाही. बारा तासांत घाईने गाळलेलं, जरा पातळ, सौम्य केफिर पिणाऱ्याने ते साखरेच्या बाबतीत दूधच आहे असं धरून चालावं. केफिरच्या आंतरराष्ट्रीय अन्नमानकातही आम्लतेची किमान अट ०.६ टक्के एवढीच आहे. तेवढ्यावर थांबलेल्या केफिरमध्ये आम्लासाठी लिटरमागे चार-साडेचार ग्रॅमच साखर खर्च झालेली असते.

विकतच्या बाटलीवरचा कर्बोदकांचा आकडा मात्र थोडा वेगळ्या कारणाने गोंधळात टाकतो. अनेक ठिकाणी कर्बोदकं थेट मोजत नाहीत. पाणी, प्रथिनं, स्निग्धांश आणि क्षार वजा करून जे उरेल ते कर्बोदक, असा रिवाज आहे. या वजाबाकीत लॅक्टिक आम्लही कर्बोदकांच्या खात्यात जाऊन बसतं. म्हणजे बाटलीवरचा आकडा खऱ्या साखरेपेक्षा थोडा जास्त असू शकतो. कमी कर्बोदकांचा आहार घेणाऱ्या काही मंडळींनी या तपशिलावर इमला रचला आणि केफिरमध्ये साखर जवळजवळ नसतेच असं ठरवून टाकलं. तपशील बरोबर, इमला चुकीचा. लॅक्टिक आम्लाची चूक दुरुस्त केली तरी १०० मिलीमागे एखादा ग्रॅमच कमी होतो, त्याहून जास्त नाही.

पण मधुमेहात नुसते ग्रॅम मोजून भागत नाही. ते ग्रॅम रक्तात कोणत्या वेगाने उतरतात हेही बघावं लागतं, आणि इथे दुधाची बाजू मुळातच बरी आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी माणसांना साधं दूध आणि आंबवलेलं दूध देऊन रक्तशर्करा मोजली. पांढऱ्या पावाला १०० धरलं तर दोन्हींचा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे रक्तशर्करा किती चढते याचं माप, १५ ते ३० च्या दरम्यान आला. आंबवल्याने तो आणखी खाली गेला असं काही झालं नाही. दुधाचाच तो कमी होता. कारण लॅक्टोजचं निम्मं अंग गॅलॅक्टोज, आणि ते आधी यकृतातून फिरून मग ग्लुकोजच्या रूपात पुढे येतं. त्याच अभ्यासात दुसरी गोष्ट अशी निघाली की शर्करा एवढी कमी वाढूनही इन्सुलिन मात्र जवळपास पावाइतकंच, पावाच्या १०० पुढे ९० ते ९८, वाढलं होतं. दुधातली प्रथिनं स्वादुपिंडाला वेगळा इशारा देतात. ज्यांचं स्वादुपिंड अजून इन्सुलिन बनवतं त्यांना हा इशारा मदतीचा ठरू शकतो. टाइप १ मधुमेहात तो इशारा ऐकायला तिथे कुणी नसतं, त्यामुळे त्यांच्यासाठी ग्रॅमचा हिशेबच महत्त्वाचा.

मग केफिरने मधुमेह “सुधारतो” असं जे वाचायला मिळतं त्याचं काय? त्यामागे बहुतेक वेळा २०१५ सालचा एक इराणी प्रयोग असतो. टाइप २ मधुमेहाचे ६० रुग्ण, आठ आठवडे, रोज ६०० मिली पेय. एका गटाला केफिर, दुसऱ्याला साधं आंबवलेलं दूध. केफिर घेणाऱ्यांची उपाशीपोटीची शर्करा आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी शर्करेचा अंदाज देणारी रक्तचाचणी) दोन्ही उतरले. निष्कर्ष उमेद वाढवणारा आहे, मी तो धुडकावणार नाही. मात्र साठ माणसं म्हणजे फार नव्हेत, आणि लाल पेशींचं आयुष्य चारएक महिन्यांचं असताना आठ आठवड्यांत एचबीएवनसीचं पूर्ण चित्र उमटत नाही. शिवाय आपल्या बरणीतल्या दाण्यांचं कुटुंब आणि त्या प्रयोगातल्या पेयातले जिवाणू एकच असतील असं मानायला आधार नाही. औषधाची गोळी कमी करण्याइतकं बळ या पुराव्यात नक्कीच नाही.

दूध निवडतानाही काही गैरसमज आड येतात. साय काढलेल्या दुधात साखर कमी नसते. स्निग्धांश निघून गेल्यावर उलट किंचित जास्तच भरते. “लॅक्टोज-फ्री” दुधाने तर भल्याभल्यांना चकवलं आहे. अशा बहुतेक दुधात लॅक्टोज काढून टाकलेलं नसतं, विकर (एन्झाइम) घालून आधीच फोडून ठेवलेलं असतं. साखरेचे ग्रॅम तेवढेच राहतात, फक्त ग्लुकोज मोकळं झाल्यामुळे दूध जास्त गोड लागतं. दूध न पचणाऱ्यांसाठी ते उत्तम, शर्करेची काळजी असणाऱ्यांना त्यातून काही मिळत नाही.

साखर खरोखर कमी करायची असेल तर फडकं कामाला येतं. लॅक्टोज पाण्यात विरघळलेलं असतं. तयार केफिर स्वच्छ फडक्यात बांधून टांगलं आणि निम्मं पाणी निथळू दिलं, तर उरलेल्या साखरेपैकी जवळपास निम्मी त्या पाण्याबरोबर जाते आणि फडक्यात दाट, प्रथिनांनी भरलेला गोळा राहतो. अर्थात ते पाणी “पौष्टिक असतं” म्हणून नंतर पिऊन टाकलं तर सगळी मेहनत वाया.

खरा घोटाळा बहुधा दाणे गाळल्यानंतर होतो. चव यावी म्हणून दुसऱ्यांदा आंबवताना फळांचा गर, मध, खजूर घातला जातो आणि “तेही जंतू खातील” अशी समजूत करून घेतली जाते. थोडं खातातही. पण दाणे काढून घेतल्यावर फौज लहान झालेली असते, आणि फ्रिजमध्ये ती जवळजवळ झोपते. दोन चमचे मध म्हणजे दहा-बारा ग्रॅम साखर. पेल्यातली मूळ सात ग्रॅम साखर त्यापुढे किरकोळ वाटावी.

पाण्याचं केफिर ही तर निराळीच चीज. त्यात दूध नसतं, साखरेचं पाणी असतं, आणि दाणेही वेगळे. लिटरला ५० ते ८० ग्रॅम साखर घालून सुरुवात होते. किती उरते याला धरबंद नाही. वेळ, तापमान, दाण्यांची तब्येत, सगळ्यावर ते अवलंबून. साखर कमी व्हावी म्हणून जास्त दिवस ठेवलं तर मद्यार्क चढतो. एवढंच बरं की इथली साखर जिभेला कळते. गोड लागलं तर ते गोडच आहे. मधुमेह असलेल्या माणसाने दुधाचं आणि पाण्याचं केफिर एका मापात तोलू नये असं माझं ठाम मत आहे.

ग्लुकोमीटरची पट्टी थेट केफिरमध्ये बुडवून बघण्याचा मोह अनेकांना होतो. आकडा कमी आला की आनंदही होतो. पण ती पट्टी ग्लुकोज ओळखायला बनवलेली आहे, लॅक्टोज तिला दिसतच नाही. साध्या दुधात बुडवली तरी ती असंच फसवेल. पट्टी वापरायची ती बोटावरच. एखाद्या दिवशी केफिरबरोबर दुसरं काहीही न खाता पिण्याआधी, तासाभराने आणि दोन तासांनी मोजा, दुसऱ्या दिवशी तेवढंच दूध घेऊन तसंच मोजा. इन्सुलिनचा डोस कर्बोदकं मोजून घेणाऱ्यांनी २०० मिली साध्या केफिरला सात-आठ ग्रॅम धरावेत आणि हा आकडा आपल्या डॉक्टरांच्या कानावर घालावा. मधुमेहामुळे मूत्रपिंडावर ताण आलेला असेल तर साखरेआधी पोटॅशियम आणि फॉस्फरसबद्दल विचारावं, कारण दुधातलं ते सगळं केफिरमध्ये तसंच राहतं.

आणि शर्करा एकदम खाली घसरून हातपाय कापायला लागले, तर जवळ केफिर आहे म्हणून ते पिऊ नये. ज्या संथपणासाठी एरवी त्याचं कौतुक होतं तोच तेव्हा आड येतो. पंधरा ग्रॅम ग्लुकोज आधी, पंधरा मिनिटांनी पुन्हा बोटाला पट्टी. केफिरचं काय ते नंतर.