बंद एक्सवरची जागी जनुके

मूत्राशयाचा कर्करोग पुरुषांना स्त्रियांच्या तिप्पट-चौपट होतो. विडी-सिगारेटकडे बोट दाखवणे सोपे आहे, आणि ते चूकही नाही. पण धूम्रपानाचा वाटा वजा केला तरी फरक उरतोच. त्याचे एक कारण एक्स गुणसूत्रात सापडते.

पेशींच्या बेसुमार वाढीला आवर घालणाऱ्या जनुकांच्या सहसा दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. लहान मुलांच्या डोळ्यांतील कर्करोगाच्या ४८ रुग्णांचा अभ्यास करून आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये मांडले, की गाठ व्हायला दोन घाव लागतात. पुढे कळले, की हे घाव म्हणजे एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडणे. एक्सवर मात्र हे गणित बदलते. पुरुषाकडे एक्स एकच. स्त्रीकडे दोन, पण त्यातला एक प्रत्येक पेशी बंद करून टाकते, हे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये सुचवले होते. म्हणजे चालू प्रत दोघांकडेही एकच! मुलांच्या मूत्रपिंडात होणाऱ्या विल्म्स ट्यूमरमध्ये डब्ल्यूटीएक्स जनुकाचे असेच होते. चालू एक्सवर एक घाव बसला, की मुलगा असो वा मुलगी, जनुक गेलेच.

मग स्त्रियांना फायदा कुठला? गंमत अशी, की बंद एक्सवरची काही जनुके जागीच राहतात. म्हणजे त्यांच्या चालू प्रती स्त्रीकडे दोन, पुरुषाकडे एकच. २०१७ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये आलेल्या अभ्यासात २१ प्रकारच्या ४,१०० हून अधिक कर्करोगांचे नमुने तपासले गेले. त्यात एक्सवरची अशी सहा कर्करोगरोधक जनुके हाती लागली, ज्यांतला बिघाड पुरुषांत जास्त दिसतो.

त्यातले केडीएम६ए मूत्राशयाच्या कर्करोगात वारंवार बिघडते. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्यावरच्या ‘हे जनुक बंद ठेवा’ अशा रासायनिक खुणा पुसणे हे त्याचे काम. वाय गुणसूत्रावर त्याचे भावंड आहे, पण ते या कामात जवळजवळ निरुपयोगी.

हा सगळा संप्रेरकांचा खेळ तर नाही? शंका रास्त आहे. म्हणून नर-मादी ठरवणारे जनुक वायवरून हलवलेले उंदीर वापरले गेले, ज्यांत दोन एक्स असलेले नरही जन्मतात. दोन एक्सचे संरक्षण संप्रेरकांखेरीजही दिसले. मादीच्या मूत्राशयातून केडीएम६ए काढले, तर तिचा धोका वाढला.

हे संरक्षण रोग होण्यापुरतेच. लघवीतून रक्त गेले, की स्त्रियांमध्ये ते अनेकदा साध्या जंतुसंसर्गावर ढकलले जाते आणि कर्करोगाचे निदान लांबते.