ग्रीक अणुवादातील आत्मा व मन

आत्मा ही देहाहून वेगळ्या जातीची वस्तू नसून तोही अणूंचाच बनलेला आहे आणि देहाबरोबरच तो विखुरतो, ही प्राचीन ग्रीक अणुवाद्यांची भूमिका. ल्यूसिपस आणि अब्डेरा या ग्रीक नगरातील डीमॉक्रिटस (सु. इ.स.पू. ४६०–३७०) हे तिचे प्रवर्तक. एपिक्यूरसने (इ.स.पू. ३४१–२७०) तिच्यात महत्त्वाचे फेरबदल केले आणि रोमन कवी ल्यूक्रीशिअसने इ.स.पू. पहिल्या शतकात ती लॅटिन काव्यात मांडली. डीमॉक्रिटसचे ग्रंथ नष्ट झाले आहेत. त्याचे आत्म्याविषयीचे मत मुख्यतः ॲरिस्टॉटलसारख्या टीकाकारांकडून कळते, त्यामुळे ते जरा जपूनच वाचावे लागते.

डीमॉक्रिटसच्या मते जगात अणू आणि पोकळी एवढेच खरे आहे. आत्म्याचे अणू अग्नीच्या अणूंसारखे गोल असतात. गोल असल्यामुळे ते कोठेही शिरतात, सतत हलतात आणि देहालाही हलवतात. भोवतालच्या हवेचा दाब त्यांना देहाबाहेर ढकलत असतो. श्वासाबरोबर तसेच अणू आत येतात व ही गळती रोखून धरतात. हे जमेनासे झाले की मरण येते. आत्मा आणि मन त्याने एकच मानले, असे ॲरिस्टॉटल सांगतो. या उपपत्तीची ॲरिस्टॉटलने थट्टाही केली आहे: पुराणकथेतल्या डेडॅलस या कारागिराने ॲफ्रोडाइटी देवीच्या लाकडी पुतळ्यात पारा ओतून तिला चालती केली, त्यातलाच हा प्रकार! त्याचा खरा आक्षेप मात्र थट्टेपेक्षा वजनदार आहे. प्राणी हलतो तो निवड आणि विचार करून. आणि सतत हलणारे अणू त्याला स्वस्थ कसे बसवणार?

गोड-कडू, ऊन-थंड हे केवळ संकेताने, म्हणजे माणसांनी तसे मानले म्हणून, असे डीमॉक्रिटस म्हणे. पण त्यानेच इंद्रियांना बुद्धीविरुद्ध बोलायला लावले आहे: बिचाऱ्या बुद्धे, पुरावा आमच्याकडून घेतेस आणि आम्हालाच पाडतेस? आमचा पाडाव हीच तुझी हार. ग्रीक वैद्य गेलेनने जपलेला हा संवाद म्हणजे एका तत्त्वज्ञाने स्वतःच्या सिद्धांतावर घेतलेली बहुधा सर्वांत चोख हरकत होय.

एपिक्यूरसचा युक्तिवाद थेट आहे. अशरीरी अशी एकच गोष्ट म्हणजे पोकळी, आणि पोकळी काही करू शकत नाही, काही सोसूही शकत नाही. आत्मा तर दोन्ही करतो. म्हणून तो शरीरच असला पाहिजे. (वैशेषिक दर्शनानेही अणू मानले, पण आत्मा हे स्वतंत्र व सर्वव्यापी द्रव्य आणि मन अणूएवढे, अशी वेगळी मांडणी केली.) एपिक्यूरसच्या परंपरेत आत्म्यात उष्णता, वारा, हवा आणि चौथे एक निनावी, सर्वांत सूक्ष्म द्रव्य मानले जाते, संवेदना या चौथ्यातून सुरू होते. नाव नसलेल्या द्रव्यावर इतका भार टाकणे ही या उपपत्तीची उघड दुबळी बाजू आहे. विचार करणारे मन छातीत असते आणि उरलेला आत्मा सर्वांगभर पसरलेला असतो. मन देहाबरोबर वाढते, म्हातारपणी थकते, मद्याने बरळते आणि अपस्माराच्या झटक्यात भान हरपते, असे दाखले ल्यूक्रीशिअस एकामागून एक देतो.

‘मी’ म्हणजे काय, या प्रश्नावरचा ल्यूक्रीशिअसचा सर्वांत मार्मिक परिच्छेद त्याच्या काव्याच्या तिसऱ्या सर्गात आहे. काळ अनंत असल्याने माझेच अणू पुन्हा आजच्याच रचनेत कधीतरी जुळून येतील, हे तो मान्य करतो. तरीही त्याचा माझ्याशी संबंध नाही, कारण मधल्या काळात स्मृतीची साखळी तुटलेली असते. थोडक्यात, तेच अणू आणि तीच रचना एवढ्याने तोच माणूस होत नाही. म्हणूनच मृत्यू आपल्याला काही नाही, हे एपिक्यूरसचे वचन त्याला पटते: तो सोसायला ‘मी’ उरतच नाही.

इच्छास्वातंत्र्याची अडचण मात्र राहते. अणूंच्या गतीनेच सर्व ठरत असेल तर दोष कोणाला द्यायचा? ल्यूक्रीशिअस अणूंच्या आपल्या मार्गापासून किंचित, अनियत (आधी न ठरलेल्या) कलण्याचा आधार घेतो. एपिक्यूरसच्या उपलब्ध लेखनात हे कलणे आढळत नाही, पण इ.स. ७९ च्या व्हिसूव्हिअसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम या रोमन नगरातील पपायरसांत (लव्हाळ्याच्या कागदावरील हस्तलिखितांत) त्याच्या ‘निसर्गाविषयी’ या ग्रंथाच्या पंचविसाव्या भागाचे तुकडे मिळाले आहेत. त्यांत माणूस वाढताना त्याच्यात जे नवे घडत जाते, त्याची जबाबदारी त्याच्या अणूंवर नव्हे तर त्याच्यावरच टाकली आहे. हे ‘घडलेले’ अणूंनाच वळण लावते की केवळ त्यांचेच दुसरे वर्णन आहे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.