तोरणमाळ आणि नंदुरबारची बाजारपेठ

तोरणमाळ हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी (धडगाव) तालुक्यातील, सातपुड्याच्या पठारावर वसलेले थंड हवेचे ठिकाण. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,१४३ मीटर. मे महिन्यात तापीकाठी अंगाची लाही लाही होत असते, तेव्हाही इथली रात्र सुसह्य असते. शहाद्याहून म्हसावद, राणीपूरमार्गे सुमारे ५५ किलोमीटर. शेवटचा टप्पा सातपायरी घाटाचा. सीताखाईचा धबधबा पाहायचा तर पावसाळ्यातच यावे लागते आणि घाटात दरडी कोसळतात त्याही तेव्हाच. म्हणून रस्ता सुरू आहे का, याची चौकशी शहाद्यातच केलेली बरी. वर यशवंत तलाव, मच्छिंद्रनाथाची गुंफा आणि गोरक्षनाथाचे मंदिर आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेला गुजरात, मध्य प्रदेशातूनही भाविक येतात. निवांतपणा हवा असेल त्याने ते दिवस टाळावेत.

डोंगरात वस्ती मुख्यतः पावरा व भिल्ल समाजाची. उन्हाळ्यात घरोघरी गावरान आंब्याच्या कैऱ्या सोलून, चिरून खडकावर वाळत घालतात. हाच इथला आमचूर. रंग जितका पांढरा तितका भाव चढा. होळीआधीच्या आठवडे बाजारांना भोंगऱ्या म्हणतात. धडगावच्या भोंगऱ्यात ढोल, बासरी आणि सणाची खरेदी एकाच गर्दीत चालते.

पर्यटक बहुधा घाट उतरून थेट परततात. वाटेतले नंदुरबार त्यांच्या लेखी फक्त रेल्वे स्टेशन. वास्तविक अकबराच्या काळात हे माळवा सुभ्यातील एका सरकारचे (म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचे) ठाणे होते आणि सतराव्या शतकात इंग्रजांनी इथे वखार घातली होती. आज शहराची ओळख लाल मिरची. ओली मिरची बाजार समितीत विकली जाते आणि व्यापारी ती वाळवण्यासाठी शहराबाहेरच्या पथारींवर, म्हणजे वाळवणाच्या उघड्या मैदानांवर, पसरतात. हिवाळ्यात या पथारी लालभडक दिसतात. मजूर बाया तोंडाला फडके बांधून देठ खुडत असतात. नवख्याला मात्र लांबूनच ठसका लागतो. अवकाळी पाऊस आला की ताडपत्र्या घेऊन धावपळ उडते, तरी बराच माल भिजतोच.

शहरात शिरीषकुमारचे स्मारक आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी मिरवणुकीवर झालेल्या गोळीबारात हा शाळकरी मुलगा व त्याचे चार साथीदार हुतात्मा झाले. नंदुरबार–शहादा रस्त्यावर, तापीकाठी प्रकाशा लागते. ‘दक्षिण काशी’ म्हणून त्याची ख्याती; उत्खननात तिथे ताम्रपाषाणयुगीन वस्तीही सापडली आहे. डिसेंबर–जानेवारीत आल्यास थंडी आणि मिरचीचा हंगाम दोन्ही साधतात.