कॅमेरा जोडला, पण चित्र येत नाही? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पाऊस संपून आकाश निवळलं, की दिवाळीच्या आसपास आमच्या दुकानाचा फोन वाजायला लागतो. चार महिने पेटीत असलेला, दुर्बिणीला लावून आकाशाचे फोटो काढायचा कॅमेरा बाहेर निघतो. लॅपटॉपही बऱ्याच दिवसांनी उघडतो आणि त्यावर विंडोजचे साठलेले सगळे अपडेट एकदम बसतात. मग अमावस्येच्या शनिवारी वांगणीला किंवा जुन्नरकडच्या एखाद्या माळावर सगळी जुळणी झाली, मृग नक्षत्र वर आलं, की लक्षात येतं की सॉफ्टवेअरला कॅमेरा सापडतच नाहीये. शंभर किलोमीटर गाडी चालवून गेलेल्या माणसाची अशी रात्र वाया गेली की आम्हालाही वाईट वाटतं. म्हणून हे पत्रक. प्रिंट काढून कॅमेऱ्याच्या पेटीत ठेवा, माळावर मोबाइलला रेंज असेलच असं नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. 'बिघडला' म्हणून आमच्याकडे आलेले बरेच कॅमेरे धडधाकट निघतात. दोष असतो वायरीत, वीजपुरवठ्यात किंवा कुठल्यातरी एका सेटिंगमध्ये. हे तिन्ही दोष घरच्या टेबलावर भरदुपारी सापडतात. तेव्हा निघायच्या दोन दिवस आधी तोच लॅपटॉप, तीच वायर आणि तीच बॅटरी घेऊन कॅमेरा जोडा, झाकण लावलेलंच ठेवा आणि ६० सेकंदांच्या दहा फ्रेम, म्हणजे दहा फोटो, घ्या. फोल्डरमध्ये दहाच्या दहा फाइली आल्या तर निम्मी काळजी मिटली. त्यानंतर परत येईपर्यंत विंडोज, ड्रायव्हर, सॉफ्टवेअर यांपैकी काहीही अपडेट करू नका. निघायच्या दिवशी संध्याकाळी तर मुळीच नको.

कॅमेरा यादीत दिसत नाही

लॅपटॉपवर डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि त्याच्याकडे बघत कॅमेऱ्याची वायर काढून पुन्हा लावा. यादी जराही हलली नाही, तर दोष वायरीचा किंवा पोर्टचा. आधी वायर बदला, मग पोर्ट. नाव आलं पण शेजारी पिवळा त्रिकोण दिसतोय, तर ड्रायव्हर नीट बसलेला नाही. नाव व्यवस्थित आलंय आणि तरी सॉफ्टवेअरला कॅमेरा सापडत नाही, तर बहुतेक वेळा दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमनं तो धरून ठेवलेला असतो. एका कॅमेऱ्यावर एका वेळी एकाच प्रोग्रॅमचा ताबा राहतो. शार्पकॅप आणि निना हे चित्र घेण्याचे दोन प्रोग्रॅम. शार्पकॅप मागे उघडं राहिलं असेल, तर निनाला कॅमेरा मिळणार नाही.

ड्रायव्हर दोन प्रकारचे असतात आणि नव्या ग्राहकांचा गोंधळ इथेच होतो. एक कॅमेऱ्याच्या कंपनीचा मूळ ड्रायव्हर. तो नसेल तर विंडोजला कॅमेरा ओळखताच येत नाही. दुसरा ॲस्कॉम ड्रायव्हर. वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांना एकाच भाषेत बोलायला लावणारा तो दुभाषी. तेजोमेघांच्या लांब एक्सपोजरला कुठलाही चालतो. गुरू-शनीच्या व्हिडिओसाठी मात्र यादीतून मूळ ड्रायव्हरच निवडा, तो बराच वेगवान असतो. पहिल्यांदा बसवताना क्रम असा ठेवा: आधी मूळ ड्रायव्हर, मग ॲस्कॉम प्लॅटफॉर्म, त्यावर कॅमेऱ्याचा ॲस्कॉम ड्रायव्हर आणि शेवटी चित्र घेण्याचं सॉफ्टवेअर.

पडद्यावर आकाशाऐवजी तुमचाच चेहरा दिसला, तर सॉफ्टवेअरनं लॅपटॉपचा वेबकॅम उघडलाय. यादीतून दुसरं नाव निवडा.

डीएसएलआर वापरणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. वायर लावताच कॅमेरा कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर आपोआप सुरू होत असेल, तर ते बंद करा, कारण कॅमेरा तेच धरून बसतं. कॅमेऱ्यातलं आपोआप बंद होण्याचं सेटिंग काढून टाका. आणि लांब एक्सपोजरचं नॉइज रिडक्शन (चित्रातले नको ते ठिपके काढण्याची सोय) बंद ठेवा. ते चालू असेल तर तीन मिनिटांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी तीन मिनिटं स्वतःची डार्क फ्रेम, म्हणजे प्रकाश न येऊ देता काढलेला फोटो, घेत बसतो आणि तुम्हाला वाटतं सॉफ्टवेअर अडकलं.

चालता चालता मध्येच तुटतो

सगळ्यात जास्त मनस्ताप याचा होतो, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

सातारा जिल्ह्यातले आमचे एक ग्राहक आहेत. त्यांचा कॅमेरा घरी तासन् तास चालायचा आणि शेतावर नेला की मध्यरात्रीच्या सुमारास तुटायचा. त्यांनी सॉफ्टवेअर बदलून पाहिलं, विंडोज नव्यानं टाकलं, शेवटी सगळं सामान घेऊन दुकानात आले. आमच्या टेबलावरही रात्रभर कॅमेरा बिनतक्रार चालला. मग आम्ही तो दुर्बिणीवर चढवला आणि माउंट, म्हणजे दुर्बीण फिरवणारा आधार, हळूहळू पश्चिमेकडे फिरवत नेला. वायर कॅमेऱ्यापासून सरळ खाली लोंबत होती. दुर्बीण एका ठरावीक कोनात आली की वायरीचा भार प्लगवर यायचा, प्लग केसभर तिरका व्हायचा आणि संपर्क तुटायचा. घरी दुर्बीण हलतच नव्हती, म्हणून दोष दिसत नव्हता. उपाय काय, तर वेलक्रोची एक पट्टी. कॅमेऱ्यापासून वीतभर अंतरावर वायर दुर्बिणीच्या नळीला बांधा, मध्ये थोडी ढील सोडा आणि काळोख पडण्याआधी माउंट दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून कुठे ओढ बसते का ते पाहा.

वायरीच्या लांबीचंही पथ्य आहे. यूएसबी ३ ची साधी वायर तीन मीटरच्या पुढे नेऊ नका, यूएसबी २ ची पाच मीटरच्या. त्याहून लांब हवी असेल, तर मध्ये स्वतंत्र वीज घेणारा हब लावा. लॅपटॉपकडूनच वीज घेणाऱ्या स्वस्त हबवर कॅमेरा, गाइड कॅमेरा (ताऱ्याचा माग ठेवणारा छोटा कॅमेरा) आणि फोकसर (फोकस जुळवणारी मोटर) असे तिघे एकत्र लावू नका.

विंडोजची वीज वाचवण्याची सवय इथे घात करते. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड नावाचं सेटिंग असतं, ते बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट पानावर 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी' अशा अर्थाची खूण असते, तीही काढा. मोठ्या अपडेटनंतर या खुणा कधी कधी परत येतात, म्हणून पावसाळ्यानंतर एकदा तपासाच.

आता १२ व्होल्टचा पुरवठा. थंड होणाऱ्या कॅमेऱ्यांना तो वेगळा लागतो. तो नसला तरी बरेच कॅमेरे यूएसबीवर जोडले जातात आणि चित्रही देतात, फक्त थंड होत नाहीत. त्यामुळे 'कूलिंग बिघडलं' म्हणण्याआधी ती पिन पाहा. दुसरं म्हणजे वायरीची जाडी. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या पाच मीटर वायरीतून तीन अँपिअर गेले, की जाऊन-येऊन दहा मीटर तांब्यात जवळजवळ एक व्होल्ट खर्च होतो. बॅटरी १२ दाखवते आणि कॅमेऱ्यापाशी ११ पोहोचतात. पहाटे बॅटरी उतरली की आणखी कमी. मग कॅमेरा तुटतो आणि दोष सॉफ्टवेअरला मिळतो. जाड आणि आखूड वायर वापरा.

तापमानही आपल्या हवेला धरून ठेवा. एप्रिलमधल्या २८ अंशांच्या रात्री उणे १५ मागितलं तर कूलर १०० टक्क्यांवर धापा टाकत राहतो आणि तापमान स्थिर होत नाही. उन्हाळ्यात शून्य, थंडीत उणे १० पुरेसं आहे. कूलर ८० टक्क्यांच्या खाली राहील असा आकडा धरा आणि मोसमभर तोच ठेवा, म्हणजे डार्क फ्रेम पुन्हा पुन्हा घ्याव्या लागत नाहीत.

चित्र येतं, पण विचित्र येतं

'तीन मिनिटं एक्सपोजर दिलं तरी चित्र काळंच' हा प्रश्न आम्हाला सतत येतो. झाकण काढलेलं असेल, तर बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. कच्च्या फ्रेममध्ये आकाशाची सगळी माहिती हिस्टोग्रामच्या, म्हणजे उजेडाच्या आलेखाच्या, डाव्या कोपऱ्यात दाटलेली असते आणि आपल्या डोळ्यांना ती काळी दिसते. ऑटो स्ट्रेच, म्हणजे चित्र आपोआप उजळून दाखवणारं बटण, दाबा. तेच काळं चित्र उजळून देवयानी दीर्घिका समोर उभी राहते. स्ट्रेच फक्त दाखवण्यापुरता असतो, फाइल आहे तशीच राहते.

चित्रावर बारीक चौकटींची जाळी दिसली, तर रंगीत सेन्सरची कच्ची फ्रेम रंग न उलगडता दाखवली जातेय. डीबेयर, म्हणजे रंग उलगडण्याचं सेटिंग, चालू करा. रंग आले पण भलतेच आले, तर बेयर पॅटर्न (सेन्सरवरच्या लाल-हिरव्या-निळ्या पिक्सेलांची मांडणी) चुकीचा निवडलाय. योग्य पॅटर्न कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत असतो. कधी फिट्स फाइल (कच्च्या फ्रेमची फाइल) एका सॉफ्टवेअरमध्ये वरून खाली आणि दुसऱ्यात खालून वर वाचली जाते, त्यानंही पॅटर्न उलटतो. नुसती हिरवट झाक मात्र दोष नाही. सेन्सरवरच्या दर चार पिक्सेलांत दोन हिरवे असतात, स्टॅकिंगनंतर, म्हणजे अनेक फ्रेम एकत्र केल्यावर, रंग संतुलित केले की ती जाते.

ऑफसेटकडे, म्हणजे प्रत्येक पिक्सेलच्या मूल्यात कॅमेरा आधीच मिळवतो त्या आकड्याकडे, फारसं कोणी बघत नाही. झाकण लावून सगळ्यात छोट्या एक्सपोजरची एक फ्रेम घ्या आणि तिच्यातलं किमान मूल्य पाहा. ते शून्य असेल तर ऑफसेट वाढवा. शून्याला टेकलेली अंधूक माहिती नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं परत मिळत नाही.

गुरू-शनीचे व्हिडिओ अडखळतात

६४० × ४८० ची चौकट, ८ बिट आणि सेकंदाला २०० फ्रेम म्हणजे दर सेकंदाला सुमारे ६१ एमबी. दोन मिनिटांत सात जीबीच्या वर. पेनड्राइव्हला हे झेपत नाही. लॅपटॉपच्या एसएसडीवर रेकॉर्ड करा आणि नंतर कॉपी करा. व्हिडिओ नेमका ४ जीबीला थांबत असेल, तर तो ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला आहे, त्यावर त्याहून मोठी फाइल बसतच नाही.

फ्रेम गळत असतील तर आधी चौकट लहान करा, ग्रहाला पूर्ण सेन्सर लागत नाही. मग यूएसबी ट्रॅफिकचं किंवा बँडविड्थचं सेटिंग बदलून पाहा. ते कमाल ठेवलं की वेग जास्तच मिळेल असं नाही, जुन्या लॅपटॉपवर थोडी माघार घेतल्यानं उलट सलग फ्रेम मिळतात. आणि गुरूचा व्हिडिओ दोन-तीन मिनिटांच्या पुढे लांबवू नका. हा ग्रह ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे त्याहून लांब व्हिडिओत त्याच्या पट्ट्यांमधले बारकावे सरकलेले असतात.

प्लेट सॉल्व्ह होत नाही

चित्रातल्या ताऱ्यांवरून दुर्बीण कुठे रोखली आहे हे सॉफ्टवेअर शोधतं, पण त्यासाठी त्याला चित्राचं माप ठाऊक असावं लागतं. पिक्सेलचा मायक्रॉनमधला आकार गुणिले २०६, भागिले मिलिमीटरमधलं नाभीय अंतर (फोकल लेंग्थ), म्हणजे एका पिक्सेलवर किती विकला (अंशाचे ३६००वे भाग) पडतात ते. ३.७६ मायक्रॉन आणि ४०० मिलिमीटरला हे उत्तर १.९४ येतं. त्याच दुर्बिणीला ०.८ चा रिड्यूसर लावला की नाभीय अंतर ३२० होतं आणि उत्तर २.४२. रिड्यूसर आमच्याकडून नेल्यावर सॉफ्टवेअरमधलं ४०० तसंच राहतं आणि सॉल्व्ह अडतं, हे नेहमीचं आहे. प्लेट सॉल्व्हसाठी अस्टॅप हा प्रोग्रॅम वापरत असाल तर त्याचा तारकासंच घरीच उतरवून ठेवा.

दुर्बीण मुळातच भलतीकडे जात असेल तर वेळ तपासा. आपली वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे दशांशात ५.५. अनेकजण ५.३ टाकतात. बारा मिनिटांचा फरक, आणि आकाशात तीन अंशांची चूक. माउंटच्या हँडसेटवर तारीख आधी महिना मग दिवस अशी मागितली जाते का, तेही पाहा.

गाइडिंग आणि आपला ध्रुवतारा

पुण्याहून ध्रुवतारा क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर, पणजीहून साडेपंधरावर. धुरकं, डोंगर किंवा शेजारची इमारत तेवढ्यात आड येते. ध्रुवाजवळचं आकाश पाहून माउंटचा अक्ष ध्रुवाकडे जुळवणारी शार्पकॅपची सोय अशा जागी चालत नाही. निनामधलं थ्री पॉइंट पोलर अलाइनमेंटचं प्लगइन वापरा, त्याला ध्रुव दिसावा लागत नाही.

गाइडिंगचा, म्हणजे ताऱ्याचा माग ठेवून दुर्बीण नेमकी रोखून ठेवणारा, प्रोग्रॅम पीएचडी-२ 'तारा पुरेसा हलला नाही' असं सांगून कॅलिब्रेशन (माउंट किती हलतो याची सुरुवातीची चाचणी) सोडून देत असेल, तर तुम्ही बहुधा ध्रुवाकडचा तारा निवडलाय. थंडीत सोपी खूण म्हणजे मृगाच्या पोटातला बाण. ते तीन तारे खगोलीय विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून आहेत. बाण दक्षिणेला उंच आला की त्याच्या आसपास कॅलिब्रेशन करा, नीट होतं.

आम्हाला कळवताना

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते लिहून ठेवा. वायर, पोर्ट आणि ड्रायव्हर एकदम बदलले आणि कॅमेरा चालू झाला, तर दोष कशात होता हे तुम्हालाही कळत नाही आणि आम्हालाही. पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा हवा, मोबाइलनं काढलेला फोटो चालेल. सॉफ्टवेअरची त्या रात्रीची लॉग फाइल (नोंदींची फाइल) पाठवा, पीएचडी-२ ची डॉक्युमेंट्समधल्या त्याच नावाच्या फोल्डरमध्ये सापडते. सोबत एक कच्ची फ्रेम, वायरीच्या दोन्ही टोकांचा फोटो, आणि त्या वेळी दुर्बीण कोणत्या दिशेला होती ते.

तपासणीचे पैसे आम्ही घेत नाही. अमावस्येच्या आधीच्या आणि नंतरच्या शनिवारी आमचा फोन रात्री बारापर्यंत चालू असतो. माळावरून फोन केलात तरी चालेल, फक्त लॅपटॉप बंद करण्याआधी करा.