मोडेमने फोन उचलला की माऊस का थांबायचा

विंडोज ९५ किंवा ९८ चा संगणक, मागच्या सिरियल पोर्टला, म्हणजे एकामागून एक बिट नेणाऱ्या जोडणीला, माऊस, पेटीच्या आत मोडेमचे, म्हणजे टेलिफोनच्या लाइनवरून इंटरनेटला जोडणारे, कार्ड. इंटरनेटसाठी ‘कनेक्ट’वर क्लिक केले, मोडेमने लाइन घेतली, आणि त्याच क्षणी पडद्यावरचा बाण जिथल्या तिथे थांबला. कीबोर्ड मात्र चालू. अनेकांनी यावर माऊस बदलला, उघडून त्यातला गोळा पुसला, रोलरवरचा मळ नखाने खरवडला. मीही हे सगळे केले आहे. नवा माऊसही तसाच थांबायचा, कारण दोष माऊसमध्ये नव्हता आणि मोडेममध्येही नव्हता. तो चौदा वर्षे आधीच्या एका आराखड्यात होता.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पीसी जाहीर केला. कळ दाबली गेली, बाहेरून अक्षर आले, फ्लॉपी वाचून झाली, की त्या त्या भागाने प्रोसेसरला ‘हातातले काम थांबव, इकडे बघ’ असे कळवायचे असते. त्यासाठी प्रत्येकाला एक तार लागते. तिला आयआरक्यू म्हणतात. इंटेलच्या ८२५९ या चिपवर अशा आठच तारा होत्या, ० ते ७. शून्य घड्याळाची, १ कीबोर्डची, ३ दुसऱ्या सिरियल पोर्टची, ४ पहिल्या सिरियल पोर्टची, ६ फ्लॉपीची, ७ प्रिंटरची. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये दुसरी तशीच चिप आली. तारा सोळा व्हायला हव्या होत्या, पण दोन चिपा एकमेकींना जोडण्यातच एक खर्ची पडली आणि वापरायला उरल्या पंधरा.

सिरियल पोर्ट आयबीएमने दोनच ठरवले होते, कॉम १ आणि कॉम २. पुढे कार्ड बनवणाऱ्यांना आणखी दोन हवे झाले. कॉम ३ आणि कॉम ४ ला स्वतंत्र पत्ते मिळाले, तारा मात्र जुन्याच राहिल्या: कॉम ३ ने कॉम १ ची ४ क्रमांकाची तार घेतली, कॉम ४ ने कॉम २ ची ३ क्रमांकाची. चारही पोर्ट एकाच वेळी कोण वापरणार, अशा भरवशावर ही पद्धत रूढ झाली, आणि बराच काळ कुणाला तिचा त्रासही झाला नाही.

एका तारेवर दोघे का चालत नाहीत, हे समजले की पुढचे सगळे सोपे होते. त्या काळी कार्डे ज्या आयएसए पट्टीवर बसत, तिच्यावर इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला मारलेली हाक, ओळखला जायचा तो तारेवरची पातळी खालून वर जाते त्या क्षणाला. एका कार्डाने तार आधीच वर धरून ठेवली असेल, तर दुसऱ्याची हाक उमटायलाच जागा नाही. वाड्याच्या दारावरची एकच घंटा कुणी दाबून धरली असताना दुसऱ्याने कितीही दाबली, तरी आत वेगळे काही ऐकू येत नाही, तसेच हे. माऊस कॉम १ वर, मोडेम कॉम ३ वर. मोडेम बंद असेपर्यंत सगळे सुरळीत, तो बोलू लागला की माऊसची हाक हरवली. कीबोर्डची १ क्रमांकाची तार त्याच्या एकट्याची, म्हणून तो चालू राहायचा.

आपल्याकडे हा दोष घरोघरी पोहोचला तो १९९५ नंतर. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. नऊ दिवसांनी, २४ ऑगस्टला, अमेरिकेत विंडोज ९५ बाजारात आले. ज्या पेटीत तोवर फार तर प्रिंटर जोडलेला असे, तिच्यात आता मोडेम आणि साऊंड कार्ड शेजारी शेजारी बसू लागले. साऊंड कार्ड बहुधा ५ क्रमांकाची तार धरायचे, म्हणजे मोडेमला हलवायची एक सोयीची जागा गेलेली.

खात्रीचा उपाय होता तो असा: बायॉसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन कॉम २ बंद करायचा, आणि मोडेमच्या कार्डावरचे जंपर बदलून त्यालाच कॉम २ करायचे, तार ३. जंपर म्हणजे नखाएवढी प्लॅस्टिकची टोपी. ती कोणत्या दोन पिनांवर घालायची हे कार्डासोबतच्या कागदावर असे. तो कागद हरवला की खरी पंचाईत. माऊस गोठलेला असतानाही विंडोजचे बोधचिन्ह असलेली कळ धरून पॉज दाबले की सिस्टीमची खिडकी उघडते. तिथून डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे संगणकाच्या सगळ्या भागांच्या यादीत, अडचणीची खूण असलेले पिवळ्या गोलातले उद्गारचिन्ह शोधायचे. डावी ऑल्ट, डावी शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबून आकड्यांच्या कळांनी बाण हलवण्याची सोयही विंडोज ९५ मध्ये होती. अपंग वापरकर्त्यांसाठी केलेल्या या सोयीने इतर कितीतरी जणांना अडचणीतून बाहेर काढले असेल.

मोडेमच्या सगळ्याच तक्रारी तारेच्या नव्हत्या. ‘नो डायल टोन’ असा निरोप आला, तर बऱ्याचदा कारण एवढेच, की आपल्या एक्स्चेंजचा टोन अमेरिकेतल्यापेक्षा वेगळा आणि मोडेम त्या टोनवर कान लावून बसलेला. जादा सेटिंगमध्ये ‘एक्स३’ लिहिले की तो टोनची वाट न पाहता नंबर फिरवायचा. जुन्या एक्स्चेंजला पल्स डायलिंग, म्हणजे तबकडीच्या फोनसारखे टकटक करत नंबर फिरवणे, लागे. मधेच अक्षरे गळत असतील तर सिरियल पोर्टची चिप पाहायची: जुनी ८२५० एका वेळी एकच अक्षर धरून ठेवते, १६५५०ए सोळा. सेकंदाला १,१५,२०० बिट या वेगाने एकेका अक्षराला प्रोसेसरच्या हाती एका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ उरतो. तेवढ्यात हार्ड डिस्क मध्ये आली, की अक्षर गेलेच.

तारांची टंचाई हेरून मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलने १९९३ मध्ये प्लग अँड प्ले आणले होते. कार्डाने आपल्याला काय हवे ते सांगायचे आणि तारांची वाटणी मशीनने करायची. पण जंपरवाले जुने कार्ड काहीच सांगत नाही, म्हणून नव्या-जुन्याची सरमिसळ असलेल्या पेटीत गोंधळ उलट वाढला. बायॉसमध्ये ‘ही तार जुन्या आयएसए कार्डासाठी राखीव’ असे हाताने लिहावे लागे. खरी सुटका आयएसएच्या जागी आलेल्या पीसीआय या पट्टीने केली, कारण तिथे हाक पातळीवर ओळखली जाते आणि दोन कार्डे एक तार वाटून घेऊ शकतात. त्यानंतर यूएसबी आले, जानेवारी १९९६ मध्ये. ते घडवणाऱ्या इंटेलच्या गटातले अजय भट्ट बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेले. माऊस, कीबोर्ड, मोडेम, सगळे एकाच नियंत्रकामागे गेले आणि त्या नियंत्रकाला एक तार पुरली.

जुन्या तारा मात्र गेलेल्या नाहीत. आजच्या अनेक लॅपटॉपवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डच्या नोंदीतले ‘रिसोर्सेस’ उघडले, तर आयआरक्यू १ दिसतो, १९८१ मध्ये ठरलेला.