पशुरक्तपेढ्यांतील नोंदी आणि अहवाल

कुत्रा, मांजर, घोडा अशा प्राण्यांचे रक्त गोळा करून, तपासून, साठवून ते पशुवैद्यकांना पुरवणारी संस्था म्हणजे पशुरक्तपेढी. दाता निवडण्यापासून रक्त चढवलेल्या रुग्णाच्या प्रकृतीपर्यंतची प्रत्येक पायरी लिहून ठेवणे आणि त्यातील ठरावीक माहिती नियामक यंत्रणेला कळवणे हा तिच्या कामाचाच भाग असतो. नियम देशागणिक बदलतात, पण त्यांचा गाभा एकच आहे. फ्रिजमधली कोणतीही पिशवी उचलली तरी तिचा दाता सापडला पाहिजे आणि कोणत्याही दात्याच्या नोंदीवरून त्याचे रक्त कोणकोणत्या रुग्णांना गेले हे कळले पाहिजे.

माणूस रक्तदानाआधी स्वतः सांगतो की परवा ताप होता, अमुक औषध चालू आहे. प्राण्याच्या बाबतीत हे सारे मालकाच्या सांगण्यावर आणि तपासणीच्या आकड्यांवर चालते. म्हणून दात्याच्या पत्रकात मालकाची लेखी संमती, वय, जात, मायक्रोचिप क्रमांक, लसीकरण, प्रवासाचा इतिहास, रक्तगट आणि आधीच्या रक्तदानांच्या तारखा असतात. कुत्र्यांत बॅबेसिया, एर्लिकिया, ब्रुसेला कॅनिस, तर मांजरांत फेलाइन ल्युकेमिया आणि एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती खालावणारा विषाणू) अशा संसर्गांच्या तपासण्यांचे निकालही तिथेच येतात. कोणते आजार तपासायचे हे त्या भागात काय आढळते यावर ठरते.

या साऱ्यात सर्वांत महत्त्वाच्या नोंदी दोन : त्या दिवशीचे वजन आणि मागच्या रक्तदानाची तारीख. कुत्र्याच्या शरीरात दर किलोमागे साधारण ८० ते ९० मिलि रक्त असते. ३० किलोच्या कुत्र्याकडून ४५० मिलिची पूर्ण पिशवी घेतली, तर एकूण रक्ताच्या सहाव्या भागाहून थोडे अधिक रक्त जाते आणि निरोगी कुत्रा ते सोसतो. तेच २० किलोच्या कुत्र्याकडून घेतले, तर पाव हिस्सा निघून जातो. मांजरात तर ५० मिलिसुद्धा बरेच होते आणि बहुधा गुंगीचे औषध द्यावे लागत असल्याने औषध व मात्राही लिहावी लागते. प्राण्याला ‘आज नको’ म्हणता येत नाही. त्याच्याकडून वाजवीपेक्षा जास्त किंवा फार लवकर रक्त घेतले गेले का, हे पुढे तपासणाऱ्याला फक्त या नोंदींवरून कळते. म्हणून तपासणीच्या वेळी पिशव्यांच्या रजिस्टरइतकेच बारकाईने दात्यांचे रजिस्टर पाहिले गेले पाहिजे.

पिशवीला दानाचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. लेबलावर प्राण्याची प्रजाती, रक्ताचा घटक (तांबड्या पेशी, प्लाझ्मा म्हणजे रक्तातला द्रव भाग इत्यादी), रक्तगट, रक्त घेतल्याची व मुदत संपण्याची तारीख, गोठणरोधक (रक्त गोठू न देणारे द्रावण) आणि साठवणीचे तापमान असते. पिशवीच्या नळीवर निर्मात्याने थोड्या थोड्या अंतरावर एकच क्रमांक छापलेला असतो. रक्त घेतल्यावर ही नळी सील करून तिचे छोटे तुकडे केले जातात. पुढे क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचे आणि रुग्णाचे रक्त जुळते का ही चाचणी, करताना पिशवी न उघडता यातला एक तुकडा वापरतात आणि त्यावरचा क्रमांक पिशवीशी ताडून पाहतात.

साठवणीची नोंद म्हणजे मुख्यतः तापमानाची नोंद. तांबड्या पेशी १ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवतात आणि सीपीडीए-१ या गोठणरोधकात घेतलेले रक्त ३५ दिवसांपर्यंत वापरतात. ताजा गोठवलेला प्लाझ्मा उणे १८ अंश किंवा त्याखाली ठेवून साधारण वर्षभर त्या नावाने देता येतो. बाद केलेल्या पिशवीचे कारणही लिहावे लागते.

रक्तगटाची चुकीची नोंद मांजराच्या जिवावर बेतू शकते. ‘बी’ गटाच्या मांजराच्या रक्तात ‘ए’ गटाविरुद्ध तीव्र प्रतिपिंडे (परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिने) नैसर्गिकपणेच असतात आणि चुकीच्या गटाचे थोडेसे रक्तही प्राणघातक ठरू शकते. कुत्र्यात पहिल्या वेळी असा धोका कमी असतो, पण डीईए १ (कुत्र्यांतला एक प्रमुख रक्तगट) निगेटिव्ह कुत्र्याला पॉझिटिव्ह रक्त मिळाले की प्रतिपिंडे तयार होतात आणि पुढच्या वेळी प्रतिक्रिया येऊ शकते. पूर्वी रक्त चढवले होते, ही ओळ म्हणूनच रुग्णाच्या केसपेपरवर ठळक असावी लागते.

रक्त चढवल्यावर ताप, उलटी, चेहऱ्यावर सूज, लाल लघवी किंवा धाप दिसली, तर दवाखान्याने पेढीला कळवायचे असते. पेढी त्याच दानातले इतर घटक लगेच अडवून ठेवते, उरलेल्या रक्तात जिवाणू आहेत का हे पाहते आणि दात्याची पुन्हा तपासणी करते. सेराशियासारखे जिवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढतात, त्यामुळे ही धावपळ अनाठायी नसते. दाता नंतर संसर्गित निघाला, तर त्याच्या आधीच्या दानांचे सर्व रुग्ण शोधावे लागतात. प्रतिक्रियांच्या व्याख्या आणि तीव्रतेच्या पायऱ्या सगळीकडे सारख्या असाव्यात म्हणून लहान प्राण्यांसाठी २०२१ मध्ये तज्ज्ञांचे एकमत-निवेदन प्रसिद्ध झाले. त्याआधी एकाची ‘सौम्य’ प्रतिक्रिया दुसऱ्याची ‘गंभीर’ असे आणि आकडे एकत्र करणे अवघड जाई.

ब्रिटनमध्ये २००५ मध्ये नियम बदलल्यावर अशा पेढ्यांची वाट मोकळी झाली. तिथे व्हेटरनरी मेडिसिन्स डायरेक्टोरेट या पशुऔषध नियामक संस्थेची परवानगी लागते आणि नोंदी तपासणीसाठी खुल्या ठेवाव्या लागतात. कॅलिफोर्नियात कुत्र्यांना कायम बंदिस्त ठेवून रक्त घेणाऱ्या पेढ्यांचा वाद दीर्घकाळ चालला. २०२१ च्या कायद्याने घरच्या प्राण्यांकडून रक्त घेणाऱ्या सामुदायिक पेढ्यांना मुभा दिली आणि बंदिस्त पेढ्या टप्प्याने थांबवण्याची तरतूद केली. कोणत्या प्रकारच्या पेढ्यांकडून किती रक्त विकले गेले, यावर हा टप्पा ठरायचा असल्याने पुरवठ्याचे आकडे शासनाकडे देण्याला तिथे वेगळेच वजन आले.

भारतात केंद्रीय पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना आणल्या. दाता नोंदणी, रक्तसंकलन, रुग्णावरील देखरेख आणि प्रतिक्रियांचा अहवाल यांसाठी त्यांत प्रमाणित नमुने आहेत. रक्तदान ऐच्छिक आणि विनामोबदला असावे, असेही त्यांत म्हटले आहे. मात्र या सूचना सल्लावजा असून त्यांना कायद्याचे बळ नाही.

तातडीच्या वेळी दवाखान्यातच ओळखीच्या कुत्र्याचे रक्त घेऊन ते लगेच चढवले जाते, तेव्हा मध्ये पेढी नसतेच. अशा वेळी दाता आणि रुग्ण या दोघांच्याही केसपेपरवर एकमेकांचा उल्लेख, घेतलेल्या रक्ताचे प्रमाण आणि क्रॉसमॅचचा निकाल लिहिणे ही जबाबदारी उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाची असते.