१ ऑगस्ट : काही ठरवलेलं, काही जुळून आलेलं

ठाणे जिल्ह्यातल्या शाळांमध्ये १ ऑगस्टच्या सकाळी एकाच टेबलावर दोन तसबिरी मांडलेल्या दिसतात. एक लोकमान्य टिळकांची, दुसरी अण्णाभाऊ साठ्यांची. एकाची पुण्यतिथी, दुसऱ्याची जयंती. त्याच दिवशी तहसील कचेरीत महसूल दिन असतो आणि शेजारी पालघरला जिल्ह्याचा वर्धापनदिन. एवढं सगळं एका तारखेवर आलं कसं? प्रत्येक घटनेचं उत्तर वेगळं आहे. काही तारखा माणसांनी विचार करून ठरवल्या, काही आपसूक जुळल्या. हा फरक सांगितला नाही तर दिनविशेष म्हणजे फळ्यावरची यादी होऊन बसते.

१९२० सालचाच दिवस घ्या. टिळक मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात आजारी होते. ३१ जुलैची मध्यरात्र उलटली आणि तासाभराच्या आत त्यांनी प्राण सोडला. तासभर आधी घडतं तर पुण्यतिथी ३१ जुलैला आली असती. १ ऑगस्टला मात्र दुसरं काही आधीच मुक्रर झालेलं होतं. हरताळ पाळून असहकार सुरू करायला गांधीजींनी आणि खिलाफतच्या पुढाऱ्यांनी ही तारीख पक्की केली होती. व्हाइसरॉयला पत्र लिहून गांधीजींनी कैसर-ए-हिंद पदक परत केलं, त्या पत्रावर हीच तारीख आहे. गिरगाव चौपाटीकडे निघालेल्या अंत्ययात्रेत, भर पावसात, तेही होते. हरताळ ठरलेला होता, मृत्यू अकल्पित. मुंबईच्या रस्त्यांवर दोन्ही एक झाले.

त्याच दिवशी वाळवे तालुक्यातल्या वाटेगावात, मातंग वस्तीत अण्णाभाऊंचा जन्म झाला. हा निव्वळ योगायोग. पुढे गिरणगावातल्या कष्टकऱ्यांचा शाहीर म्हणून, लाल बावटा कलापथकातून आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातून ते महाराष्ट्राला माहीत झाले. घाटकोपरच्या चिरागनगरात त्यांनी वर्षानुवर्षं काढली. ठाण्याहून लोकलने जेमतेम अर्ध्या तासाचं अंतर. शाळेच्या कार्यक्रमात टिळकांची शेंगांच्या टरफलांची गोष्ट होते, अण्णाभाऊंची दीड दिवसाची शाळा सांगून होते आणि मुलं वर्गात परततात. दोघांच्याही वाट्याला इतकंच यावं हे मला पटत नाही. निदान अण्णाभाऊंचं एक पान एखाद्या मुलाने मोठ्याने वाचून दाखवावं.

ठाण्यात रेल्वे आणणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीला ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने मान्यता मिळाली, ती तारीखही १ ऑगस्ट, साल १८४९. पुढे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून गाडी ठाण्याला आली, तीच तारीख सगळ्यांच्या ध्यानात राहिली.

महसूल दिन मात्र योगायोगाने या तारखेला आलेला नाही. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं आणि ३१ जुलैला संपतं. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं, पण शेतसाऱ्याचा हिशेब पिकांच्या मागून चालतो. खरीप निघतो, मग रब्बी, त्यानंतर वसुली पुरी करायची. जुलैअखेर तलाठी आपली गाव नमुन्यांची, म्हणजे गावच्या जमीन-महसुलाच्या नोंदवह्यांची, दप्तरं आवरतो. आठ-ब नमुन्यात खातेदाराच्या नावापुढे मागणी किती, वसूल किती, बाकी किती हे मांडून वर्ष बंद होतं आणि दुसऱ्या दिवशी नवं पान लागतं. सातबारा सगळ्यांना ठाऊक असतो, पण गावाच्या हिशेबाचं वर्ष कळतं ते या नमुन्यातून.

ठाणे जिल्ह्याचं विभाजन २०१४ मध्ये नेमक्या याच तारखेला झालं, ते मला म्हणूनच शहाणपणाचं वाटतं. गावं, सातबारे, बाकीच्या रकमा दुसऱ्या जिल्ह्याकडे सोपवायच्या तर जुनं वर्ष मिटल्यावरच सोपवाव्यात. २०११ च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांच्या वर होती, देशातल्या सगळ्या जिल्ह्यांत जास्त. एकीकडे मुंबईला चिकटलेली महानगरं, दुसरीकडे जव्हार-मोखाड्याचे आदिवासी पाडे. तलासरीच्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्यायला शंभर किलोमीटरहून जास्त प्रवास करून ठाण्याचा कोर्टनाका गाठावा लागे. पंधरा तालुक्यांपैकी आठ गेले आणि पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला. ठाण्याकडे सात उरले : ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, भिवंडी, शहापूर, मुरबाड.

मुख्यालय जव्हारला हवं, अशी डोंगरी भागातल्या लोकांची मागणी होती. ते रेल्वेमार्गावरच्या पालघरला गेलं, आणि सिडकोने बांधलेल्या संकुलातून २०२१ पासून कारभार सुरू झाला. तलासरी, डहाणूकरांची सोय झाली. मोखाड्याच्या माणसाला मात्र जव्हार, विक्रमगड, मनोर करत पालघरला उतरायचं तर आजही एका कामात अख्खा दिवस जातो.